चॉकलेटची गोष्ट : प्राथमिक वर्गात घेतलेला एक पाठ



जुलै महिन्यातील गोष्ट. प्रार्थना आटोपून मुले आपापल्या वर्गात गेली आणि इयत्ता चौथीची एक मुलगी वाढदिवसाचा नवा फ्रॉक घालून, हातात पिशवी घेऊन कार्यालयात आली. म्हणाली, "सर, चॉकलेट घ्या ना." आम्ही पिशवीत हात घातला. हाती आली संत्र्याच्या चवीची साखरेची गोळी. आम्ही सहज विचारले, "बाळ, हे चॉकलेट कशाचे करतात?" ती म्हणाली, "साखरेचे." "आणि येते कुठून?" "दुकानातून." "दुकानात कुठून येते?" मुलगी थोडी विचारात पडली आणि म्हणाली, "इंदूरहून."

तिची तीनही उत्तरे आपल्या परीने बरोबरच होती. आपल्याकडे कागदात गुंडाळलेल्या कोणत्याही गोड वस्तूला मुले चॉकलेट म्हणतात, आणि खऱ्या चॉकलेटला कॅडबरी म्हणतात, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. पण ज्या वस्तूसाठी मुले एवढा हट्ट करतात, तिच्याविषयी त्यांना काहीच ठाऊक नाही, हे त्या दिवशी जाणवले. शिक्षकांच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला आणि इयत्ता तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी चॉकलेटच्या इतिहासावर तीन तासिका घ्यायचे ठरले.

हे कळल्यावर काही पालकांनी आणि एका आदरणीय विश्वस्तांनी विचारले की, अभ्यासक्रम बाजूला ठेवून चॉकलेट कशाला? प्रश्न योग्य आहे. हा लेख त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. या तीन तासिकांत मुलांना इतिहास, भूगोल, गणित आणि भाषा एकत्र शिकता आली, आणि आमच्या योजनेत नसलेली आणखी एक गोष्ट आम्हाला मुलांकडून शिकावी लागली. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले आहे, मराठी आम्ही घरात शिकलो, तेव्हा भाषेची चूकभूल वाचकांनी पदरात घ्यावी.

पहिली तासिका : झाड, फळ आणि केळीचे पान

साहित्य फार लागले नाही. एक पृथ्वीचा गोल, जगाचा नकाशा, बिनसाखरेच्या कोको पावडरीचा एक डबा आणि केळीचे एक मोठे पान.

सुरुवातीला प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर कोको पावडर दिली. चॉकलेटचा वास ओळखून मुलांनी ती आनंदाने जिभेवर ठेवली आणि पुढच्याच क्षणी वर्गात "ई, कडू!" असा एकच गलका झाला. एकाने विचारले, "सर, खराब झालंय का?" आम्ही सांगितले की खराब नाही, चॉकलेटची मूळ चव हीच आहे. बाकीची गोडी साखरेची आणि दुधाची.

मग झाडाची माहिती सांगितली. कोकोचे झाड मूळ दक्षिण अमेरिकेतील. आजच्या इक्वेडोर देशात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांवर त्याचे अंश सापडले आहेत. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला थिओब्रोमा कोकाओ असे नाव दिले. थिओब्रोमा म्हणजे देवांचे अन्न. याची फळे फांदीच्या टोकाला न लागता थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात. मुलांना हे पटेना. तेव्हा आम्ही उंबराचे झाड आठवायला सांगितले. उंबर, फणस यांनाही फळे खोडावरच लागतात की! फळ फोडले की आत पांढरा, आंबट-गोड गर आणि त्यात तीस-चाळीस बिया असतात. चॉकलेट होते ते या कडू बियांचे.

इथे आम्ही केळीचे पान पुढे केले. पश्चिम आफ्रिकेतील शेतकरी बिया काढल्या की त्यांचा ढीग करतात आणि तो केळीच्या पानांनी झाकून पाच-सहा दिवस आंबवतात. या आंबण्यातून पुढे चॉकलेटची चव तयार होते. नंतर बिया उन्हात वाळवतात, आणि कारखान्यात त्या भाजून, सोलून, दळतात. शिवाय कोकोच्या कोवळ्या रोपाला सावली लागते, म्हणून तिकडे त्याच्या शेजारी आधी केळी लावतात. हे ऐकून केळीच्या बागा असलेल्या घरची मुले ताठ बसली. एक जण म्हणाला, "म्हणजे आपल्या केळीशिवाय चॉकलेट होतच नाही!" वाक्य थोडे मोठे झाले, पण आम्ही ते खोडले नाही.

"मग आपण बऱ्हाणपूरला कोको का नाही लावत?" हा प्रश्न अपेक्षितच होता. त्यासाठी गोल होता. विषुववृत्तापासून उत्तरेला आणि दक्षिणेला साधारण २० अंशांपर्यंतच कोको चांगला होतो. मुलांनी बोटाने मोजले. आपले गाव २१ अंशांच्या थोडे वर येते. पट्टा अगदी थोडक्यात हुकला! पण अंश हे एकच कारण नव्हे. कोकोला बारमाही ओलावा आणि सावली हवी. आपल्याकडे मे महिन्यातली झळ माणसाला सोसत नाही, तर त्या झाडाला कुठून सोसणार? भारतात कोको होतो तो केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांत, बहुतेक ठिकाणी नारळ-सुपारीच्या सावलीत.

दुसरी तासिका : भिंतीवरच्या दोन रेघा आणि चिंचोक्यांचा बाजार

इतिहास म्हटला की मुलांना सनावळ्यांचे भय वाटते. म्हणून व्हरांड्याच्या भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावून तिच्यावर दोन रेघा ओढल्या. वरची रेघ आपल्या मुलखाची, खालची चॉकलेटची. खाली एखादे साल लिहिले की वर त्या सुमारास आपल्याकडे काय चालले होते ते शोधायचे.

खालच्या रेघेवर पहिले मोठे साल आले १५१९. त्या वर्षी कोर्तेस हा स्पॅनिश सरदार मेक्सिकोत उतरला. तेथील अझ्टेक लोक, आणि त्यांच्याही आधीपासून माया लोक, कोकोच्या बिया वाटून त्याचे पेय करीत. त्यात साखर नसे. मिरची, मसाले, मक्याचे पीठ घालीत आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून त्याला फेस आणीत. चहावाले काका चहा उंचावरून ओततात तसे, असे सांगताच मुलांना चित्र दिसले. वरच्या रेघेवर १५१९ साली आपल्या बऱ्हाणपुरात खानदेशच्या फारूकी सुलतानांचे राज्य होते.

पुढे १६१५ साल आले. त्या सुमारास आपल्याकडे कुंडी भंडाऱ्याचे काम झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना बऱ्हाणपुरात थांबून शाहजादा परवेझला भेटला. लंडनमध्ये चॉकलेटचे पहिले दुकान निघायला त्यानंतर ४२ वर्षे लागायची होती. म्हणजे इंग्लंडचा वकील आपल्या गावात आला तेव्हा त्याच्या स्वतःच्या शहरात चॉकलेटचे दुकान नव्हते.

मग १६३१. हे साल आपल्या मुलांना पाठ आहे. त्या वर्षी जून महिन्यात मुमताज महलचा मृत्यू आपल्या गावी झाला आणि तापीपलीकडे आहूखान्यात तिचे दफन झाले. नंतर तिचा देह आग्र्याला नेला. नेमक्या त्याच १६३१ साली स्पेनच्या माद्रिद शहरात कोल्मेनेरो नावाच्या वैद्याने चॉकलेट या विषयावर स्वतंत्र पुस्तक छापले. लंडनमधले ते पहिले दुकान निघाले १६५७ च्या जूनमध्ये. वरच्या रेघेवर मुलांनी मोठ्या उत्साहाने लिहिले : १४ मे १६५७, पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म. अशी जोडी जुळली की साल विसरता येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

यानंतर बाजार भरवला. अझ्टेक लोक कोकोच्या बिया नाणी म्हणून वापरीत. १५४५ साली त्लाश्काला या गावी लिहिलेली भावांची यादी आजही उपलब्ध आहे. चांगली टर्की कोंबडी १०० बिया, पिकलेले अव्होकाडो १ बी, मोठा टोमॅटो १ बी. आम्ही बियांच्या जागी चिंचोके घेतले. प्रत्येकाला ३० चिंचोके, फळ्यावर भावांचा तक्ता, आणि अर्धा तास खरेदी-विक्री. तिसरीची मुले एरवी हातच्याच्या वजाबाकीला कंटाळतात, त्या दिवशी एकानेही हिशेब चुकवला नाही. एका बहाद्दराने मात्र किडका चिंचोका खपवायचा प्रयत्न केला. वर्गात आरडाओरडा झाला. आम्ही सांगितले की त्या काळी लबाड लोक कोकोची बी पोकळ करून आत माती भरत असत. खोट्या नाण्याची विद्या फार जुनी आहे!

याच ओघात भाषेचाही पाठ झाला. आपल्या देशातही धातूच्या नाण्याबरोबर कवड्या चालत. गुजरातेत सुट्ट्या पैशांऐवजी इराणचे कडू बदाम चालत, असे परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी हे शब्द तिथूनच आले. मुले घरी रोज ऐकतात, पण अर्थ त्या दिवशी कळला.

मुलांनी मग विचारले, अमेरिकेतून आपल्याकडे काय काय आले? उत्तर ऐकून वर्ग थक्क झाला. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, पेरू, सीताफळ, चिकू, अननस, आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंद, हे सर्व अमेरिकेतून आलेले. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज. म्हणजे आपली उपासाची साबुदाण्याची खिचडी जवळजवळ सगळी परदेशी! दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याची आजी दारातच आम्हाला म्हणाली, "काय हो सर, मग एकादशीला आम्ही खायचं तरी काय?" आम्ही म्हटले, "आजी, खुशाल खिचडी खा. चारशे वर्षे झाली, आता ती आपलीच झाली."

मिरची पोर्तुगीजांबरोबर आली आणि घरोघरी रुजली, पण चॉकलेट मागे राहिले. याचे कारण मुलांनी आपणहून सांगितले : मिरची आपल्या मातीत होते, कोको होत नाही. पहिल्या दिवसाचा धडा त्यांच्या लक्षात होता.

तिसरी तासिका : पेयाची वडी कशी झाली

युरोपात गेल्यावर या कडू पेयात साखर पडली. साखरेची गोष्ट सांगताना आमची छाती थोडी फुगली, हे कबूल केले पाहिजे. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या जगाला भारताने दिली. संस्कृत शर्करा या शब्दावरून फिरत फिरत इंग्रजी शुगर झाला, आणि खंड म्हणजे खडीसाखरेचा खडा, त्यावरून कँडी झाला. म्हणजे जुलैमधल्या त्या मुलीची संत्र्याची गोळी नावाने तरी आपलीच निघाली. आपल्या जिल्ह्यात नवलसिंह सहकारी साखर कारखाना उभा राहिला. खानदेशाला लागून मालेगावजवळ रावळगाव येथे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तेथे गोळ्या होऊ लागल्या. त्या रावळगाव गोळ्यांची आठवण आजी-आजोबांना विचारावी. २०२४ मध्ये ही नावे रिलायन्स समूहाने विकत घेतली.

पुढचा प्रवास थोडक्यात असा. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांनी दळलेल्या कोकोतून तूप, म्हणजे कोको बटर, दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. उरलेल्या चोथ्याची पावडर झाली. १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीने पावडर, साखर आणि कोको बटर एकत्र करून खाण्याची वडी केली. १८७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांनी त्यात दूध मिसळले. तोवर चॉकलेट मुख्यतः प्यायची वस्तू होती. दुधाच्या चॉकलेटचे वय दीडशे वर्षांच्या आसपास आहे, त्यापेक्षा आपल्या गावचे कितीतरी वाडे जुने आहेत. १९४८ मध्ये कॅडबरी कंपनी भारतात आली.

पण ही गोष्ट इथेच संपवणे आम्हाला प्रामाणिक वाटले नाही. युरोपला साखर आणि कोको हवा होता, आणि तो पिकवण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसांना पकडून, जहाजांत कोंबून, गुलाम म्हणून वेस्ट इंडीज आणि ब्राझीलला नेले. लहान मुलांना हे किती सांगावे, यावर आमच्या शिक्षकांत दोन मते होती. शेवटी ठरले की भयंकर तपशील टाळावेत, पण गोष्ट लपवू नये. एवढेच सांगितले की त्या माणसांना मजुरी मिळत नसे आणि घरी परतता येत नसे.

आता आपल्या देशातील एक प्रसंग, जो केळी उत्पादक पालकांना जवळचा वाटेल. केरळ आणि कर्नाटकच्या शेतकऱ्यांनी १९७० च्या दशकात कंपन्यांच्या मागणीमुळे कोकोची मोठी लागवड केली. दशकाच्या अखेरीस जागतिक भाव कोसळला आणि खरेदीदार मिळेना. तेव्हा १९७३ मध्ये मंगळूरला स्थापन झालेली कॅम्पको ही सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था पुढे आली, तिने शेतकऱ्यांचा कोको घेतला आणि १९८६ मध्ये पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला. मंडीत केळीचा भाव पडला की घरात काय वातावरण असते, हे आपली मुले जाणतात. त्यामुळे हा प्रसंग त्यांना समजावून सांगावा लागला नाही. उलट २०२४ च्या डिसेंबरात कोकोचा जागतिक भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला, आणि २०२५ मध्ये पुष्कळ खाली आला. ज्याने झाड लावले त्याच्या हाती भाव नाही, ही गोष्ट तिथेही आणि इथेही एकच आहे.

वर झालेला हात

शेवटची दहा मिनिटे आज कोको कोण पिकवतो यासाठी ठेवली होती. जगातील सुमारे निम्मा कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या शेजारी-शेजारी असलेल्या देशांत होतो. घानामध्ये तेटे क्वार्शी नावाच्या कारागिराने १८७९ च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून बिया आणून लावल्या आणि तेथून लागवड वाढली. तेथील बहुतेक शेतकरी लहान आहेत, गरीब आहेत. शिकागो विद्यापीठाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे या दोन देशांत २०१८-१९ च्या हंगामात सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या शेतीत बालमजुरी करीत होती. कोणी कोयत्याने फळे फोडतो, कोणी जड ओझी वाहतो, कोणी फवारणीच्या जागी असतो. मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये करार करून सर्वांत वाईट प्रकारची बालमजुरी २००५ पर्यंत संपवण्याचे कबूल केले होते. ती मुदत पाळली गेली नाही.

एका मुलीने विचारले, "सर, मग ती मुलं शाळेत केव्हा जातात?" आम्ही उत्तर देणार, एवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. हा मुलगा वर्गात डुलक्या घेतो म्हणून आम्ही स्वतः त्याला दोन-तीनदा रागावलो होतो. तो अगदी साधेपणाने म्हणाला, "सर, मी पण सकाळी कांड्या भरतो. पाच वाजल्यापासून. मग शाळेत येतो."

वर्गात कोणी हसले नाही. आपल्या गावात पॉवरलूमची खटखट रात्रंदिवस चालते आणि तिच्यावर शेकडो घरे चालतात, त्यामुळे कांड्या भरणे म्हणजे काय हे सर्वांना माहीत होते. आम्हीही याच गावात वाढलो. तरी हा मुलगा झोपतो का, हे विचारायचे आम्हाला इतके महिने सुचले नाही. आफ्रिकेतील मुलांची आकडेवारी आम्ही शोधून आणली, पण आपल्या वर्गातील एक मूल आमच्या नजरेतून सुटले. हा दोष आमचा आहे आणि तो इथे नोंदवणे आम्हाला आवश्यक वाटते.

त्याच संध्याकाळी वर्गशिक्षिकाबाई आणि आम्ही त्याच्या घरी गेलो. आईवडील भली माणसे आहेत. माग मालकाचे, मजुरी वारावर, हात कमी पडतात म्हणून मुलाला बसवतात. वडील खाली मान घालून म्हणाले, "सर, आम्हाला काय हौस आहे का?" आम्ही उपदेश केला नाही. घरच्या कामात मदत करणे हा आपल्याकडे संस्कार आहे आणि त्यात वाईट काही नाही. कायदाही चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या धोकादायक नसलेल्या कामातच शाळेच्या वेळेनंतर मदत करू देतो. पण मदत मुलाची झोप आणि शाळा खाऊ लागली की ती मदत राहत नाही. एवढेच आम्ही सांगितले. आता सकाळची पाळी आई करते, मुलगा सहापर्यंत झोपतो. हंगामाच्या दिवसांत अजूनही कधी कधी खंड पडतो. पण तो वर्गात जागा असतो आणि परवा त्याने पाढे न अडखळता म्हटले.

पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी

पहिली विनंती पालकांना. मुलांना आम्ही गृहपाठ दिला होता की घरी आलेल्या गोळ्या-चॉकलेटचे कागद जमवा आणि त्यावरील घटकांची यादी वाचा. यादीत जो घटक सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी छापतात. बहुतेक कागदांवर पहिला शब्द साखर निघाला, आणि पुष्कळ 'चॉकलेटां'त कोकोचे नावही नव्हते. अक्षरे बारीक असतात, तेव्हा मुलांबरोबर बसून वाचावे. दातांच्या दवाखान्याचा खर्च वाचेल.

दुसरी गोष्ट वाढदिवसाची. मुलांनी आपणच चर्चा करून ठरवले आहे की यापुढे शाळेत चॉकलेट वाटण्याची सक्ती कोणावर नको. कोणी महागडे आणतो, कोणाला काहीच आणता येत नाही, हे मुलांच्याही लक्षात आले होते. ज्याला वाटेल त्याने घरची केळी आणावी, नाहीतर वाढदिवसाच्या दिवशी वर्गाला एक गोष्ट सांगावी. ऑगस्टमध्ये एका मुलीने आजीकडून दराबा कसा घोटतात ते शिकून सांगितले. ऐकता ऐकता वर्गाच्या तोंडाला पाणी सुटले.

तिसरी विनंती विश्वस्त मंडळाला. ज्या घरात माग आहे तिथे अभ्यासाला ना जागा, ना शांतता. शाळा सुटल्यावर एक तास दोन खोल्या उघड्या ठेवून अभ्यासिका चालवण्याची परवानगी मिळावी. दोन शिक्षकांनी पाळीपाळीने थांबण्याची तयारी दाखवली आहे. दिवे-पंख्याचा खर्च आणि शिपाईकाकांचा जादा मोबदला एवढाच भार आहे. चॉकलेटच्या पाठाचे फळ म्हणून एवढे झाले तरी आम्हाला समाधान वाटेल.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. कोकोची फळे झाडाला कुठे लागतात? तशी फळे लागणाऱ्या आपल्याकडील दोन झाडांची नावे लिहा.

२. पिकलेल्या अव्होकाडोला १ बी, मोठ्या टोमॅटोला १ बी आणि टर्की कोंबडीला १०० बिया पडतात. १५० बियांत एक कोंबडी आणि १५ टोमॅटो घेतले, तर उरलेल्या बियांत किती पिकलेली अव्होकाडो येतील?

३. १६३१ साली बऱ्हाणपुरात काय घडले आणि माद्रिदमध्ये काय घडले?

४. कवडी या शब्दावरून आलेले तीन शब्दप्रयोग वाक्यात वापरा.

५. आज तुमच्या घरात आलेली कोणतीही एक वस्तू घ्या. ती कुठे तयार झाली, किती हातांतून आली, त्यात कोणाची मेहनत आहे, हे घरातील मोठ्यांना विचारून दहा ओळी लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे मुलांनी वर्गशिक्षकांकडे द्यावीत. आम्ही ती सर्व स्वतः वाचणार आहोत.